शेजारच्या मुलाच्या दुखण्याबद्दल पाहुणे विचारतात, काय सांगू?

वडगावची शिवणवाली

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी बेळगावात वडगावला राहते, घरीच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. आमची मंडळी मराठी उपासनेची. प्रश्न माझ्या घरचा नाही, शेजारचा आहे. पण मशीनवर बसलं की तोच डोक्यात फिरत राहतो, म्हणून इथे लिहिते.

शेजारच्या अक्का मला सख्ख्या बहिणीच्या ठिकाणी. आमचे हे दवाखान्यात होते तेव्हा माझी दोन्ही लेकरं त्यांच्याच ताटात जेवली, आणि त्या उपकाराचा त्यांनी आजवर एका शब्दाने उल्लेख केला नाही. त्यांचा थोरला मुलगा उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे लोखंड कातणाऱ्या फिरत्या मशीनवर, आहे. दारू नाही, तंबाखू नाही, पगार आईच्या हातात देतो. त्याला फिट्स येतात. रात्री जेवण झालं की तो न चुकता गोळी घेतो आणि आता बरेच दिवस त्रास नाही. मी शेवटची फिट पाहिली ती नाताळच्या गाण्यांच्या सरावाला. हॉलच्या पायरीवर तो ताठ झाला आणि कोसळला. एक जण ओरडतोय कांदा फोडा, दुसरा चप्पल हुंगवतोय, तिसऱ्याने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला. मी ओढणीची घडी करून डोक्याखाली सरकवली, तेवढंच सुचलं. शुद्धीवर आल्यावर त्याने सगळ्यात आधी शर्ट बाहेर काढून ओली झालेली पँट झाकली आणि आईला हळूच विचारलं, "कोण कोण होतं गं इथं?"

आता त्याला गडहिंग्लजकडचं स्थळ आलंय. पसंती झाल्यासारखीच आहे. परवा मुलीच्या मावशीचा मला फोन. "तुम्ही भिंतीला भिंत लावून राहता. मुलगा कसा हाय? काही व्यसन, काही दुखणं? आमची पोर बापाविना वाढलीय ओ, म्हणून विचारतो." मी म्हटलं, हातात अर्जंट शिवण आहे, दोन-चार दिवसांत निवांत बोलते.

अक्कांना सांगितलं तर त्या माझा हात धरून म्हणाल्या, "एवढं झाकून घे बघ. प्रीती पापांची रास झाकते, वचनातच हाय की." त्यांचे मालक बाजूलाच होते. त्यांनी आपली नेहमीची कानडी म्हण काढली: साविर सुळ्ळु हेळी ओंदु मदुवे माडु. हजार खोटं बोला, पण एक लग्न जमवा.

खोटं बोलायचं नाही, हे माझं पक्कं आहे. "मला काही ठाऊक नाही" हेसुद्धा खोटंच. पण "होय, त्याला फिट्स येतात" असं म्हणून फोन ठेवून दिला, तर ज्या घरानं माझी लेकरं सांभाळली त्या घराशी मी कशी वागले म्हणायचं? कुणी वचनाच्या आधाराने सांगेल का? नुसतं "प्रार्थना करा" म्हणू नका, ती चालूच आहे.

---

हुक्केरीचा भाऊ

ताई, सरळ सांगतो. घरातलं बाहेर काढू नये. लग्न जोडणारा देव आहे, तुम्ही कशाला मध्ये पडता? फोन उचलू नका, पाहुणे दोन दिवस विचारतील आणि गप्प बसतील. खरं बोलायच्या नादात एका पोराचं लग्न मोडलं तर ते पाप कुणाच्या माथी?

---

कॅम्पातला वाचक

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे यावर बराच विचार झालेला आहे म्हणून थोडं लिहितो.

१९९२ च्या आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, कॅटेकिझममध्ये, आठव्या आज्ञेखाली (तुमच्या मोजणीत ती नववी, खोट्या साक्षीची) दोन गोष्टी एकमेकींच्या जवळच सांगितल्या आहेत. परिच्छेद २४७७ म्हणतो की दुसऱ्याचा खरा असलेला दोषसुद्धा सबळ कारण नसताना, ज्याला तो ठाऊक नाही त्याला सांगणं हा अपराध आहे. म्हणजे "मी खरंच तर बोललो" एवढ्याने माणूस सुटत नाही. आणि परिच्छेद २४८९ म्हणतो की कुणी माहिती मागितली तर उत्तर काय द्यायचं हे प्रीतीने आणि सत्याच्या आदराने ठरवावं; ज्याला जाणून घ्यायचा हक्क नाही त्याला सांगायला कुणी बांधलेलं नाही.

मग हक्क कुणाचा? मावशीचा थोडा, मुलीचा पूर्ण. १९८३ च्या चर्च-कायद्याच्या नियम १०९८ प्रमाणे, ज्या गोष्टीमुळे पुढचा संसार मुळातून ढवळून निघू शकतो अशी गोष्ट संमती मिळवण्यासाठी कपटाने लपवली, तर ते लग्नच ग्राह्य धरत नाहीत. हा नियम कॅथलिकांसाठी. पण ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही, कलम १९ मध्ये, फसवून घेतलेल्या संमतीचा उल्लेख आहेच. औषधाने आवरलेल्या फिट्स या व्याख्येत बसतात की नाही ते वकील आणि न्यायाधीश पाहतील. माझं म्हणणं एवढंच की "होय, मी याला पत्करते" हे वेदीपुढचे शब्द त्या मुलीचे आहेत. कशाला होय म्हणते आहे ते तिला माहीत नसेल, तर ते शब्द आपण तिच्या तोंडून चोरून घेतले असं होतं.

हुक्केरीच्या भावांना: घरातलं बाहेर काढू नये हे प्रत्येक वेळी खरं नसतं. बाबा पदमनजी याच बेळगावात १८३१ साली जन्मले, १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली विधवांच्या हालांवर कादंबरी लिहिली. तेव्हा ते दुःख घराघरांत झाकलेलंच होतं. त्यांनी ते सगळ्यांसमोर मांडलं, ते त्या बायकांच्या मायेपोटीच. तुम्ही म्हणता तसं ते गप्प बसले असते तर?

---

निवृत्त सिस्टर, खानापूर

बाळ, मी वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. नर्सिंगचं शिक्षण मिरजेत झालं, नोकरी बेळगावात, आता खानापुरात मुलाकडे असते. प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी अक्कांच्या वचनाचं बघू. पेत्राच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या आठव्या ओवीत, ते आहे खरं. पण तिथे पापांची रास म्हटलंय. कुणी माझा अपराध केला तर मी तो गावभर मिरवणार नाही, मनात धरून ठेवणार नाही, असा त्याचा अर्थ. नीतिसूत्रांच्या दहाव्या अध्यायात त्याचं मूळ आहे, तिथे तर द्वेष भांडणं उकरून काढतो असं शेजारीच म्हटलंय. फिट येणं हे पाप आहे का गं? मेंदूतल्या विजेच्या गडबडीने येणारं दुखणं ते. पापाचं वचन दुखण्यावर पांघरलं की त्या पोराला काय कळतं? की माझ्यात काहीतरी लाजेचं आहे. शर्टाने पँट झाकणारा हात तू पाहिलास ना? ती लाज आपणच त्याला शिकवली आहे, कांदा-चप्पल नाकाला लावून आणि घरात कुजबुजून.

मार्काचा नववा अध्याय काढ. तिथेही असाच मुलगा आहे, जमिनीवर पडून लोळणारा, तोंडाला फेस येणारा. येशू बापाला विचारतो, याला हे किती दिवसांपासून होतं? आणि बाप एवढ्या गर्दीसमोर सगळं सांगतो: लहानपणापासून, कितीदा आगीत पडला, कितीदा पाण्यात पडला. एक शब्द झाकत नाही. त्यानंतरच तो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं ओरडतो. बापाची माया होती म्हणून खरं बाहेर आलं. नोकरीत मी शेकडो आई-बाप पाहिले. खरं सांगणाऱ्यांची लेकरं लवकर सुधारतात, कारण डॉक्टरला नेमकं कळतं.

(हाच अध्याय वाचून कुणी अक्कांच्या पोराला भूतबाधा म्हणून कुठल्या सभेला न्यायला लागलं आणि गोळ्या बंद करा म्हणालं, तर त्याला दारातून परत पाठव. प्रार्थना जरूर करावी. पण ही गोळी एकदम थांबवली तर फिटांवर फिटा येऊन माणूस दगावू शकतो. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.)

आता तुझा प्रश्न. लेवीय एकोणीसमधल्या सोळा, सतरा, अठरा या तीन ओव्या एका दमात वाच. सोळावी सांगते, लोकांत चहाड्या करत फिरू नको. सतरावी सांगते, भावाचा मनात द्वेष धरू नको, शेजाऱ्याला तोंडावर बोल, नाहीतर त्याच्या पापाचा वाटा तुझ्याकडे येईल. आणि मग अठरावी, जी सगळ्यांना पाठ आहे: शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. आपण अठरावी फ्रेम करून भिंतीला लावतो आणि आधीच्या दोन सोडून देतो. पण त्या दोन ओव्यांनीच अठरावीची वाट घालून दिली आहे. मागे बोलू नको, पुढे बोल. मत्तय अठरामध्ये प्रभूही तेच सांगतो: आधी एकट्याने, दोघांतच.

म्हणून आधी मावशीला फोन करू नको. आधी अक्कांकडे जा, आणि त्या पोराला बसवून बोल. सांग, मी खोटं बोलणार नाही, आणि तुमच्या आधी तोंडही उघडणार नाही. हे सांगायचं काम तुमचं आहे. अक्का रागावतील. रागावू दे. ज्या बाईने तुझी लेकरं जेवू घातली तिच्या तोंडावर खरं बोलायला तू कचरलीस, तर त्या जेवणाची परतफेड कशाने करणार?

आणि तुझी शेजारीण एकट्या अक्का नाहीत. गडहिंग्लजची ती बापाविना वाढलेली पोरसुद्धा तुझी शेजारीण. तिचं नाव तुला माहीत नसेल, पण तिने तुझ्यावर विश्वास टाकलाय.

लपवल्यावर काय होतं ते ऐक. लग्नानंतर नवरा गोळ्यांची पाकिटं बुटाच्या खोक्यात लपवतो, बाथरूममध्ये जाऊन घेतो, पाहुणे असले की चुकवतो. लग्नाच्या आठवड्यात झोप नाही, खाण्याचा पत्ता नाही, आणि झोपमोड ही फिट येण्याची मोठी कारणं असतात त्यांतली एक. अंगावरची हळद उतरायच्या आत फिट येऊन वॉर्डात आणलेले नवरदेव मी पाहिलेत. बायको बाहेर भिंतीला टेकून थरथरत उभी. तिने घाबरून तोंडात चमचा घातलेला असतो, दात तुटलेला असतो. तिला आधी कुणी चार वाक्यं सांगितली असती, की कुशीवर वळव, गळ्याचं बटण सैल कर, तोंडात काही घालू नको, घड्याळ बघ, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखान्यात ने, तर ती रात्र निराळी गेली असती. इतक्या वर्षांत त्या बायकांचं मुख्य दुःख आजाराचं नसायचं. "मला का नाही सांगितलं" एवढंच त्या विचारायच्या, आणि त्याचं उत्तर सासरच्या एकाही माणसाकडे नसायचं.

खरं सांगताना पूर्ण सांगा, भीती घालून नको. योग्य औषध मिळालं तर शंभरातल्या सत्तर जणांना फिट्सशिवाय जगता येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये पूर्वी अपस्माराचा, म्हणजे याच फिट्सचा, उल्लेख होता, तो १९९९ साली काढून टाकला. म्हणजे कायद्यालाही कळलं की हा लग्नाला नालायक करणारा आजार नाही. मुलीला हेही कळायला हवं.

लेथवर काम करतो हे वाचून मात्र माझ्या पोटात गोळा आला. त्याचं डॉक्टरांशी वेगळं बोला. ते लग्नापेक्षा तातडीचं आहे.

---

निपाणीकर

सिस्टरांनी लिहिलं त्यावर माझी एक भर, कारण मी त्या मुलाच्या जागी होतो.

मलाही फिट्स यायच्या. पहिल्या स्थळाला आमच्या घरच्यांनी खरं सांगितलं, पण सांगितलं ते चहाच्या वेळी, दहा पाहुण्यांसमोर. रविवारपर्यंत ते निपाणीपासून संकेश्वरपर्यंत सगळ्या नात्यात पोहोचलं होतं. स्थळ गेलं, त्याचं मला तेवढं वाटलं नाही. पुढे माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेल्यांनीही "तुमच्या घराण्यात ते आहे म्हणे" असं विचारलं, ते लागलं. ती निरोगी आहे. आमच्या घरच्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तरी त्यात प्रीती नव्हती, असं मी आजही म्हणतो.

म्हणून ताई, मावशीला आजाराचं नाव सांगू नका. मामा-मावशीकडून मुलीपर्यंत जाईपर्यंत "फिट" चं "वेड" होतं. मुलाने मुलीला सांगावं, दोघंच असताना. तिला वाटलं तर तिने आईला सांगावं. आणि हे साखरपुड्याच्या आधी, हॉल ठरवायच्या आधी. पत्रिका छापून झाल्यावर सांगणं म्हणजे तिला नाही म्हणायची वाट बंद करून सांगणं.

माझ्या बायकोला मी संकेश्वरच्या स्टँडवर, बसची वाट बघताना सांगितलं. तिने विचारलं, "गोळी रोज घेता नव्हं?" मी म्हटलं, घेतो. ती म्हणाली, मला चार दिवस द्या. दिले. ते चार दिवस मला फार जड गेले, पण तेवढा हक्क तिचा होता.

---

हुक्केरीचा भाऊ

निपाणीकर, तुमचं वाचून गप्प बसलो. एक शंका तरी राहते. मुलगा सांगतो म्हणाला आणि सांगितलंच नाही तर? तेव्हा ताईंनी काय करायचं?

---

निवृत्त सिस्टर, खानापूर

चांगला प्रश्न आहे. मत्तय अठरामध्येच पुढची पायरी आहे: एकट्याने ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना बरोबर घे. म्हणजे पाळकसाहेबांना, तेही अक्कांना सांगून, चोरून नाही. लग्नाची घोषणा उपासनेत होते त्याच्या आधीच ते मुलाशी आणि मुलीशी बोलू शकतात. तरीही लपवलं, आणि त्या मुलीने स्वतः तोंडाने विचारलं, तर तिला खरं सांगायचं. माझं मत स्पष्ट आहे.

---

वडगावची शिवणवाली

सगळ्यांचे आभार. निपाणीकर दादा, तुमचं मी आमच्या ह्यांनाही वाचून दाखवलं.

काल संध्याकाळी गेले. अक्का कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. सिस्टरांनी लिहिलं तसंच बोलले, की मी खोटं बोलणार नाही आणि तुमच्या आधी बोलणारही नाही. अक्का वर न बघता म्हणाल्या, "माझ्या पोराचं लगीन मोडूलीस तू." मी म्हटलं, अक्का, फाटक्या कापडाला वरून अस्तर लावून देता येतं, पहिल्या धुण्याला उसवतं, आणि गिऱ्हाईक परत येतं ते भांडायलाच. त्यांना ते पटलं नाही. त्या उठून आत गेल्या. आज सकाळी रोजच्यासारखं दारात उभं राहून बोलल्या नाहीत, आणि मला ते फार लागलंय.

पण पोरगा आतल्या खोलीत ऐकत होता. तो रात्री आमच्याकडे आला. म्हणाला, "मावशी, आईला वाटतंय मला कळत नाही. गोळ्या लपवायला बुटाचं खोकं मी आधीच बघून ठेवलं होतं." मग त्याला सिस्टरांचं उत्तर वाचायला दिलं. दोनदा वाचलं. लेथचं विचारल्यावर म्हणाला, पुढच्या तारखेला डॉक्टरांना विचारतो, तिथे खोटं सांगितलेलं नाही पण सांगितलंही नाही.

आज गडहिंग्लजला मी फोन केला. मावशींना म्हटलं, मुलगा निर्व्यसनी आहे, कामसू आहे, आईला जपतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. तब्येतीचं त्याने आणि तुमच्या मुलीने समोरासमोर बोलावं, तो स्वतः सांगणार आहे. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे काहीतरी हाय म्हणायचं." मी म्हटलं, त्याच्या तोंडून ऐका, मग ठरवा, आणि ऐकेपर्यंत कुणाला काही बोलू नका, आमच्या घरच्या पोरीसारखं समजून सांगते. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग शनिवारी मुलीला घेऊन येतो म्हणाल्या.

शनिवारी दोघांना माझ्याच घरी बसवायचं ठरलंय, मी आणि तिची मावशी बाहेरच्या खोलीत. त्याने काय काय सांगावं, काही बरोबर ठेवावं का? तो फार घाबरलाय.

---

निवृत्त सिस्टर, खानापूर

डॉक्टरांची फाईल, चालू गोळीचं पाकीट आणि शेवटची फिट कधी आली ती तारीख, एवढं बरोबर ठेव म्हणावं. गोळीचं नाव तिला लिहून घेऊ दे, म्हणजे ती दुसऱ्या डॉक्टरला विचारू शकेल. फिट आली तर काय करायचं ते त्याने स्वतःच्या तोंडाने तिला सांगावं. मुलांना होईल का असं ती विचारेल, त्याचं उत्तर त्याने देऊ नये, डॉक्टरांकडे दोघांनी जावं. आणि तू व तिच्या मावशीने मिळून एक गोष्ट पक्की करा: त्या दिवशी तिच्याकडून होय किंवा नाही मागायचं नाही. शुक्रवारी रात्री त्याला लवकर झोपायला सांग. अक्कांकडे तूच जा, त्या बोलल्या नाहीत तरी जा, आणि शनिवारच्या जेवणाला काय करू ते त्यांनाच विचार.